गिरमिट न लावलेले चीज

मी एक जुने गिरमिट आहे. सुताराचे नव्हे, चीज तपासायचे. बांबूचे कांडे उभे चिरल्यावर जशी पन्हळ दिसते तसा माझा देह आहे. वीतभर लांब, पोलादी, आणि डोक्यावर आडवी लाकडी मूठ. धान्याच्या पोत्यात टोकदार नळी खुपसून आतले दाणे बाहेर काढतात, ते मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी पाहिले असेल. माझेही काम तेच. फरक एवढाच, की माझे पोते म्हणजे जात्याच्या तळीएवढा पिवळा, गोल चीजचा गड्डा.

माझा जन्म हॉलंडमध्ये, कालव्याकाठच्या एका लोहाराकडे झाला. तो चाकू, सुऱ्या आणि गुरांच्या खुरांची हत्यारे करी. मला घासूनपुसून झाल्यावर त्याने एक कच्चे बीट घेतले, मला त्यात खुपसले, अर्धा वळसा दिला आणि ओढले. माझ्या पन्हळीत बीटची अखंड कांडी बाहेर आली. कांडी तोंडात टाकून त्याने मला टांगून ठेवले. नाराज असता तर पुन्हा भट्टीत घातले असते.

मला विकत घेतले ते चीजच्या एका व्यापाऱ्याने. त्यांचे आडनाव ऑस्कम. पुढे त्यांचा मुलगा बास्तियान धंद्यात आला, तेव्हा लोक यांना थोरले ऑस्कम म्हणू लागले. दर गुरुवारी गावच्या चौकात चीजचा बाजार भरे. आसपासचे शेतकरी आपल्या घरी केलेले चीज गाडीवर रांगेने मांडून आणत. थोरले ऑस्कम गाड्यांमधून हिंडत, एखादा चीजचा गोल उचलत, वाकवलेल्या बोटाने त्यावर टकटक करून कान देत, आणि मग मला बाहेर काढत.

मी आत शिरे. बाहेरून सगळे गोल सारखेच पिवळे आणि गुळगुळीत, पण आत प्रत्येकाचे जग वेगळे. कुठे लोण्यासारखी मऊ वाट, कुठे वाळूसारखी रखरख. कांडी बाहेर आली की ऑस्कम ती आधी हुंगत, मग टोकाचा तुकडा बोटांत चुरडत, मग चाखत. उरलेली कांडी परत भोकात बसवून अंगठ्याने वर चीजचा लेप देत, म्हणजे हवा आत जाऊन गोल बिघडणार नाही. "पाहून झालं, आता दार लावून घ्या," असे ते दर वेळी त्या गोलालाच सांगत.

मग भाव ठरे, तोही हातांनी. शेतकरी हात पुढे करी, व्यापारी त्यावर टाळी देऊन आपला भाव बोले. शेतकरी परत टाळी देऊन आपला भाव सांगे. टाळीवर टाळी पडत राही, आणि एक टाळी अशी येई की ती दिल्यावर दोघांचे हात क्षणभर एकमेकांत थांबत. झाला सौदा. कागद नाही, सही नाही, पण तो शब्द कायद्यालाही मान्य होता. एकदा एका शेतकऱ्याला शेवटच्या टाळीनंतर दुसऱ्याने जास्त भाव दाखवला. तो घुटमळू लागला, तेव्हा थोरले ऑस्कम फक्त आपला तळवा वर धरून उभे राहिले. शेतकऱ्याचे कान लाल झाले आणि त्याने गाडी मुकाट्याने वजनघराकडे वळवली. दुसऱ्या एका गुरुवारी सौदा झाला आणि तासाभरात भाव कोसळला. त्या दिवशी ऑस्कमना मागे फिरावेसे वाटले असणार. ते फिरले नाहीत. टाळी जशी शेतकऱ्याला बांधते, तशी ती व्यापाऱ्यालाही बांधते, हे मी त्यांच्या खिशात बसून शिकलो.

आता फरकाइक घराण्याची गोष्ट सांगतो, कारण माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस तिथूनच आला.

कालव्याच्या पलीकडे फरकाइकांचे शेत होते. नवरा गेल्यावर नेलबाई फरकाइक एकट्याच ते चालवत. त्यांचे चीज इतके चांगले असे, की वर्षानुवर्षे माझी कांडी दर वेळी निर्मळ आली. शेवटी एका गुरुवारी थोरल्या ऑस्कमनी मला त्यांच्या गाडीपाशी बाहेर काढलेच नाही. मला खिशात ठेवून त्यांनी सरळ टाळी दिली. साऱ्या बाजाराने वळून पाहिले. गिरमिट न लावता माल घेणे, यापेक्षा मोठा मान आमच्या बाजारात नव्हता. तेव्हापासून ती रीतच पडली. नेलबाईंच्या गाडीपाशी मी खिशातल्या रुमालाशेजारी निजून राही. खरे सांगतो, मला थोडे वाईटच वाटे. चांगल्या चीजच्या आत शिरायला कोणत्या गिरमिटाला आवडणार नाही?

थोरले ऑस्कम गेले आणि मी बास्तियानच्या खिशात आलो. तो वडिलांइतका शांत नव्हता, पण धंद्यात सरळ होता. नेलबाईंना तो काकू म्हणे.

त्या वर्षी हिवाळा लांबला होता. वसंतात नेलबाई पहिला माल घेऊन आल्या. शेजारच्या गाडीवरून कुणीतरी बास्तियानला चिडवले, "काय रे, गिरमिट आणलंयस की सासरी विसरलास?" बास्तियानने मला खिशातून काढले, सगळ्यांना दिसेल असे उंच धरले आणि परत खिशात घातले. "फरकाइकांच्या चीजला गिरमिट लावायचं नसतं," तो म्हणाला. लोक हसले. नेलबाईंची मान जराशी वर झाली. टाळ्या पडल्या, सौदा झाला, आणि सगळी गाडी आमच्या गोदामात आली.

गोदामात चीज काही आठवडे मुरू देतात. रोज प्रत्येक गोल पुसायचा आणि उलटायचा. एका सकाळी उलटताना बास्तियानचा हात एका गोलावर थांबला. गोलाचे पोट वर आले होते. त्याने वाकवलेल्या बोटाने टकटक केले, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. शेजारचा गोलही तसाच, पलीकडच्याला तर कडेला चीर गेलेली. सगळे फरकाइकांचे. त्याने मला काढले आणि इतक्या वर्षांनी मी पुन्हा त्यांच्या चीजमध्ये शिरलो. ते आत शिरणे नव्हतेच, नुसते पोकळीत पडणे होते. कांडी आलीच नाही, आला तो चुरा आणि आंबूस, कुबट वास.

बास्तियान तसाच सायकलीवर बसला. दोष दिसला की विकणाऱ्याला लगेच कळवायचे, असा कायदा आहे. दिवसचे दिवस गप्प राहून मग ओरडत आलेल्याचे कुणी ऐकत नाही. त्यामुळे ताबडतोब निघाला ते बरोबरच केले, पण बोलायला त्याला नीट जमले नाही.

नेलबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्याने सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "मग घेताना तपासून का नाही घेतलंस?"

"तुमचं चीज तपासतो का आम्ही, काकू?"

"मग आज कशाला आलास गिरमिट घेऊन?"

मी त्याच्या हातातच होतो. त्याने मला गडबडीने खिशात कोंबले. नेलबाई म्हणाल्या, तुझे गोदाम गरम असेल, नीट पुसले नसेल. तो म्हणाला, गोदाम वडिलांच्या काळापासून तेच आहे. दोघांचेही आवाज चढले आणि दोघांनी एकमेकांचा निरोप न घेताच पाठ फिरवली.

पुढच्या गुरुवारपर्यंत सगळ्या बाजाराला बातमी लागली होती. निम्मे लोक म्हणत होते, मान द्यायला गेला आणि तोंडावर पडला, भोगू दे. उरलेल्यांचे बोलणे जास्त वाईट होते. ते म्हणत होते, नेलबाईंना ठाऊक असणार. हा गिरमिट लावत नाही हे माहीत होते, म्हणून खराब माल त्याच्याच गळ्यात घातला. मित्रांनो, जाणूनबुजून खराब माल विकणाऱ्याला आमच्या बाजारात पुन्हा गाडी उभी करू देत नसत. नेलबाईंना शेत होते, गाई होत्या, पण त्यांचे सारे जगणे त्या गुरुवारच्या जागेवर होते. ती गेली तर फरकाइकांचे चीज संपले असते.

बाजाराचे भांडण आधी बाजाराचे पंच ऐकत. पंचांचा निकाल पटला नाही, तर पुढे कोर्ट होतेच. वजनघराच्या माडीवर तीन पंच बसले. त्यांतले मोठे होते एव्हर्ट. जन्मभर त्यांनी स्वतः चीजच केले होते. टेबलावर बास्तियानने आणलेला चिरलेला गोल होता आणि शेजारी मी.

एव्हर्टनी दोघांनाही पुरते बोलू दिले. मग नेलबाईंना विचारले, की गाईंना काय चारा होता. त्यांनी सरळ सांगितले, की हिवाळा लांबल्याने गवत संपले, म्हणून पलीकडच्या गावच्या चारावाल्याकडून मुरघास, म्हणजे दाबून मुरवलेला हिरवा चारा, आणला. चांगला स्वच्छ आहे, असे तो म्हणाला होता आणि गाईंनी तो खाल्लाही. एव्हर्टनी भुवया उंचावल्या. मग बास्तियानला विचारले, की गिरमिट लावले होते का. तो म्हणाला, "नाही."

"कायदा विकत घेणाऱ्याला सांभाळतो, बास्तियान," एव्हर्ट म्हणाले, "पण जे डोळ्यांनी किंवा गिरमिटानं कळलं असतं, ते त्यानं बघायला हवं. घेणाऱ्यानं न बघता घ्यायचं आणि पुढे कधीही परत आणायचं, असं झालं तर विकणाऱ्यानं रात्री झोपायचं कसं? हा दोष तेव्हा दिसण्यासारखा होता की नव्हता, हे मला आज या फुटक्या गोलावरून सांगता येत नाही. तू पाहिलं असतंस तर तूच सांगितलं असतंस. तेव्हा नुकसान तुझं."

बास्तियानने मान खाली घातली. माझे लाकूड जणू आकसले. मी खिशात होतो, हाताशी होतो, आणि वापरला गेलो नव्हतो.

नेलबाई जिंकल्या होत्या. रुमाल डोक्याला बांधून त्यांनी घरी जायचे, एवढेच उरले होते. पण त्या उठल्या नाहीत.

"म्हणजे मी सुटले ती कशामुळे?" त्यांनी विचारले. "यानं बघितलं नाही म्हणून?"

"तसंच," एव्हर्ट म्हणाले.

"असं नाही सुटायचं मला. लोक म्हणणार, बाईनं फसवलं आणि वर सहीसलामत गेली. माझं चीज चांगलं होतं की वाईट, ते तर कुणी बोललंच नाही." मग त्या म्हणाल्या, "प्रत्येक आठवड्याच्या मालातला एक गोल मी घरी ठेवते. त्या आठवड्याचाही आहे माझ्या थंड तळघरात. अजून कापला नाही."

एव्हर्ट खुर्चीत पुढे सरकले. आवाज मऊ झाला. "नेलबाई, तो गोल आणायची तुमच्यावर सक्ती नाही. आत खराब निघाला तर मला निकाल फिरवावा लागेल. हे सगळं कळून बोलताय ना?"

"कळून बोलतेय. गोदामाचा दोष आहे की माझा, ते मलाच बघायचंय. पुढचं दूधही त्याच गाईंचं आहे."

एव्हर्ट म्हणाले, "मग दोन आणा. एक तो, आणि एक अगदी कोवळा, त्याच मुरघासावरच्या दुधाचा. बाजारात विकायला आणता त्या वयाचा."

शेत जवळच होते. पंचांचा एक माणूस नेलबाईंबरोबर गेला आणि दोन गोल घेऊन आला. तोवर बास्तियान खिडकीपाशी उभा राहून कालव्याकडे पाहत होता.

एव्हर्टनी मला हातात घेतले. आधी कोवळ्या गोलात. मी शिरलो तसा माझ्या पन्हळीभोवती मऊ, गोड, ताज्या दुधाचा गंध दाटला. कुठे पोकळी नाही, चीर नाही. कांडी अखंड आली. तिन्ही पंचांनी चाखली आणि माना डोलावल्या. यापेक्षा चांगली कांडी मी देऊ शकलो नसतो.

मग तळघरातल्या गोलात. टोक आत गेले आणि पुढे काही लागलेच नाही. मी त्या पोकळीत लटकलो, आणि तोच कुबट वास माझ्या सर्वांगाला चिकटला.

एव्हर्टनी तो चुरा नेलबाईंपुढे धरला. त्यांनी चिमूट उचलली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. "माझंच आहे," त्या म्हणाल्या. "गोदामाचा काही दोष नाही."

मित्रांनो, आता एव्हर्ट काय म्हणाले ते नीट ऐका, कारण त्या दिवशी मलाही माझ्याबद्दल एक गोष्ट नव्याने कळली. एका हातात कोवळ्या गोलाची सुरेख कांडी आणि दुसऱ्या हातात चुरा धरून ते म्हणाले, "दूध एकच, चारा एकच. मुरघास बिघडलेला असला की त्यातले जंतू दुधात उतरतात, आणि त्यांचा दोष आठवडे गेल्यावर उठतो. बास्तियाननं त्या गुरुवारी दहा गोलांत गिरमिट घातलं असतं, तरी कांडी अशीच आली असती, झकास. म्हणजे त्यानं बघितलं नाही यानं काहीच बिघडलं नाही. बघूनही दिसलं नसतं."

इतकी वर्षे मला वाटत होते, की मी आत शिरलो म्हणजे सगळे कळते. पण मी फक्त आजचे चीज पाहू शकतो. उद्या त्यातून काय उठणार, ते मला दिसत नाही. जिथे माझे टोक पोचत नाही, तिथल्यासाठीच माणसांनी कायदा करून ठेवला आहे, हे मला त्या माडीवर समजले.

कायद्याप्रमाणे निकाल असा झाला. दोष मालात मुळापासून होता आणि लपलेला होता, तेव्हा तो विकणाऱ्याचा. तिला ठाऊक नसले तरी. नेलबाईंनी माल परत घ्यावा आणि किंमत परत करावी. पण त्यांना काही माहीत नव्हते, त्यांनी काही लपवले नाही, म्हणून त्याहून अधिक भरपाई त्यांच्यावर नाही. जाणून विकले असते तर बास्तियानचा बुडालेला धंदाही भरून द्यावा लागला असता. बाजारातली त्यांची जागा जशी होती तशी राहील, आणि हे एव्हर्ट स्वतः गुरुवारी चौकात उभे राहून सांगतील.

नेलबाईंनी मान हलवली. मोठी रक्कम होती ती. त्यांचा चेहरा पाहून एव्हर्ट म्हणाले, "थांबा. मुरघासवाल्यानं माल स्वच्छ म्हणून विकला ना? मग तिथं तुम्ही गिऱ्हाईक आहात. आज जो हक्क याला मिळाला तोच तुम्हालाही आहे. उरलेला मुरघास फेकू नका, तसाच ठेवा, आणि घरी जाण्याआधी त्याच्याकडे जा. उद्यावर टाकू नका."

हे नेलबाईंच्या मनातच आले नव्हते. विकणारी बाई आपण, असेच त्या स्वतःला समजत होत्या. त्या तडक तिकडे गेल्या. चारावाल्याने आधी बरेच आढेवेढे घेतले, पण मुरघासाच्या ढिगात हात घातल्यावर त्यालाही बुरशी दिसली. शेवटी त्याने ढीग परत नेला आणि नेलबाईंच्या नुकसानीतला बराच भाग उचलला. सगळा नाही. नेलबाईंनी त्या वर्षी दोन गाई विकल्या.

उन्हाळ्यात गाई कुरणावर गेल्या आणि नेलबाई पुन्हा बाजारात आल्या. एव्हर्ट बोलले होते ते सर्वांनी ऐकले होते, तरी त्यांच्या गाडीपाशी कुणी थांबत नव्हते. लोक ओझरते पाहत आणि पुढे जात. मग बास्तियान आला. निकालानंतर दोघे प्रथमच समोरासमोर उभे होते. त्याने हात पुढे केला, सरळ टाळीसाठी, पूर्वीसारखा. मी खिशातच होतो. त्याच्या बाजूने तो मोठेपणाच होता.

नेलबाईंनी हात दिला नाही.

"आधी गिरमिट," त्या म्हणाल्या.

"काकू, लोक बघतायत."

"म्हणूनच. आणि गोल तू निवड, मी नाही."

बास्तियानने मला काढले. त्याने मधल्या रांगेतला गोल निवडला. मी आत शिरलो. काय सांगू तुम्हाला! कुरणातल्या गवताचा, उन्हाचा, ताज्या सायीचा वास होता तो. कांडी सोन्यासारखी बाहेर आली. बास्तियानने अर्धी चाखली आणि उरलेली नेलबाईंना दिली. शेजारचा व्यापारी मान लांब करून म्हणाला, "एकटेच खाणार का रे?" त्यालाही तुकडा मिळाला. मग त्याने आपले गिरमिट काढले, आणि त्याच्यामागून आणखी एकाने. भाव बोलला गेला, टाळ्या पडू लागल्या.

त्यानंतर फरकाइकांच्या गाडीवर कुणी न तपासता माल घेतला नाही, कारण नेलबाई घेऊच देत नसत. आणि आश्चर्य म्हणजे त्यांच्या चीजचा भाव पूर्वीपेक्षा चढाच राहिला. मी मात्र त्या गाडीपाशी आता खिशात निजत नसे.

पुढे काळ बदलला. चीज मोठ्या कारखान्यांत होऊ लागले, नमुने काचेच्या नळ्यांतून प्रयोगशाळेत जाऊ लागले, सौदे टेलिफोनवर होऊ लागले. चौकातल्या टाळ्या थांबल्या. बास्तियानच्या मुलीने मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले आहे. कुंडीत बी लावताना माती टोकरायला मी कामी येतो. माझ्या पन्हळीत गंज आणि माती बसली आहे. तक्रार नाही, पण कधीतरी कुणी मला तेलाच्या चिंधीने पुसावे, असे वाटते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, काही विकत घ्याल, काही विकाल. घेताना नीट पाहा, विचारा, आणि चूक दिसली तर लगेच सांगा. विकताना कुणी तुमच्या मालात डोकावू लागले, तर त्याला अपमान समजू नका. वजनघराच्या माडीवर नेलबाईंनी ज्या दिवशी मला आपल्या चीजमध्ये शिरू दिले, त्या दिवशी त्या हरल्या होत्या. तरीही चौकात त्यांनी मला पुन्हा शिरू दिल्यावर त्यांना टाळी द्यायला कुणाचाही हात कचरला नाही.